पीक उलटं आलं

बरेच दिवस इथे काही टाकलं नाही. जुलै सगळा एका पीकच्या मागे गेला. पीक म्हणजे शेतातलं नाही, ग्राफमधला, इंग्रजीतला peak, रेषेला येणारं टोक. घरी फोनवर बोलताना आईला चुकून सांगून बसले की अगं पीक उलटं आलंय, काय करावं काही कळत नाही, तर ती दोन सेकंद गप्प आणि मग म्हणते, "कुणाचं गं? आपल्याकडं तर अजून पेरण्याच चालल्यात." तेव्हापासून घरात माझ्या पीएचडीला शेतीच म्हणतात आणि खरं सांगू तर फार चुकीचंही नाही, पाऊस किती पडतो यावर माझंही बरंच अवलंबून असतं.

तर काम असं. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ कसा चिकटतो हे मी इन्फ्रारेड टाकून बघते. सीओ ओळखीचा आहे सगळ्यांच्या, दर हिवाळ्यात पेपरात बातमी येते ना, बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू आणि आत माणूस गेलेला, तोच हा. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोखंडाला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो आणि सहजासहजी सोडत नाही. प्लॅटिनमशीही त्याचं तसंच आहे. हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम असतं, त्या हायड्रोजनमध्ये दहा लाखात दहा भाग जरी सीओ असला तरी सेल मरगळतो, म्हणून गाड्यांसाठीच्या हायड्रोजनचं जे आयएसओ स्टँडर्ड आहे त्यात सीओची मर्यादा दहा लाखात ०.२ भाग एवढी कडक ठेवलीय.

आता हा चिकटलेला थर केवढा, तर एका रेणूच्या जाडीचा. तो दिसणार कसा? सीओमधला कार्बन आणि ऑक्सिजन एकमेकांपासून लांब-जवळ होत सतत थरथरतात, आणि त्या थरथरीची जी फ्रीक्वेन्सी तेवढाच इन्फ्रारेड ते खातात. मोकळ्या हवेतला सीओ २१४३ वेव्हनंबरला खातो (वेव्हनंबर म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा बसतात ते, फ्रीक्वेन्सी सांगायचं आमचं माप). प्लॅटिनमच्या एका अणूवर उभा बसला की साधारण २०७०ला येतो, दोन अणूंच्या मध्ये पुलासारखा बसला की १८५०च्या आसपास. खाली का येतो याचं ब्लायहोल्डरने १९६४ साली दिलेलं चित्र अजून शिकवतात: सीओ आपले इलेक्ट्रॉन धातूला देतो, धातू थोडे परत देतो, पण ते परत आलेले इलेक्ट्रॉन नेमके अशा ठिकाणी जाऊन बसतात की कार्बन-ऑक्सिजनची गाठ सैल होते. मला यातली मजा अशी वाटते की इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल, म्हणजे त्याला लावलेला व्होल्टेज, वाढवलं की धातू परत देताना हात आखडता घेतो, गाठ पुन्हा आवळते आणि पीक वर सरकतो, एका व्होल्टला साधारण ३० वेव्हनंबर. नॉब फिरवायचा आणि रेणूचा बंध घट्ट होताना स्क्रीनवर बघायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अक्षरशः लॅबमधल्या मामांना बोलावून दाखवलं होतं. ते म्हणाले, "हं, सरकलं खरं," आणि चहाला गेले.

पण हे दिसायला अडचणी फार. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पाणी. इलेक्ट्रोकेमिस्ट्री पाण्यात चालते आणि पाणी इन्फ्रारेड असं पितं की समोरून काही उरतच नाही. त्यावर उपाय म्हणून आम्ही इलेक्ट्रोड कॅल्शियम फ्लोराइडच्या काचेवर दाबून बसवतो, मध्ये ॲसिडचा काही मायक्रॉनचाच थर राहतो, प्रकाश काचेतून आत जातो, धातूवर आपटून परत येतो. मग एकदा सीओ असताना स्पेक्ट्रम घ्यायचा, म्हणजे कुठल्या वेव्हनंबरला किती प्रकाश परत येतो त्याचा ग्राफ, एकदा सीओ जाळून टाकल्यावर घ्यायचा, आणि एकातून दुसरा वजा करायचा म्हणजे पाणी दोन्हीकडचं सारखं, ते कटतं, आणि उरतो तो फक्त सीओ. हे वजाबाकीचं तंत्र १९८०च्या सुमारास इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनला बेविक, कुनिमात्सु आणि पॉन्स यांनी उभं केलं. १९८१ साली त्याच तंत्राने दिसलं की मिथेनॉल टाकल्यावर प्लॅटिनमला विष होऊन चिकटणारी जी वस्तू होती, जिच्याबद्दल लोक बरीच वर्षं भांडत होते, तो सरळ सीओ आहे. पॉन्स हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

दुसरी अडचण हवा. मशीनच्या आत हवेतली वाफ असते आणि वाफेच्या रेषा १३०० ते २०००च्या मध्ये गवतासारख्या उगवतात, म्हणजे नेमक्या माझ्या १८५०च्या पुलावर. म्हणून आतून कोरडा नायट्रोजन सोडत राहायचा, पर्ज करायचं. पुण्यात फेब्रुवारीत हे अर्ध्या तासात होतं. जुलैमध्ये दोन तास पर्ज करून पण गवत तसंच, सिलिका जेल सकाळी निळी भरलेली संध्याकाळी गुलाबी, आणि कुणीतरी सॅम्पलचं झाकण उघडलं की पहिल्यापासून सुरू. (आमच्याकडे झाकणावर "पावसाळ्यात उघडू नये" अशी चिठ्ठी लावलीय, आयुर्वेदिक औषधाची बाटली वाटते ती.)

डिटेक्टरला वरून लिक्विड नायट्रोजन पाजायचा, उणे १९६ डिग्रीचा, तो साधारण दिवसभर पुरतो. आम्हाला एलएनटू आठवड्यातून दोनदा मिळतो त्यामुळे त्या दोन दिवशी आजारी पडायचं नाही, लग्नाला जायचं नाही.

आता माझी गंमत. माझा इलेक्ट्रोड म्हणजे प्लॅटिनमचा चकचकीत तुकडा नाही. मी ग्लासी कार्बनची, म्हणजे काचेसारख्या कडक कार्बनची, डिस्क घेते, तिला ॲल्युमिनाच्या पावडरीवर घासते, आधी १ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५, आणि घासायचं ते आठच्या आकड्यात, इंग्रजी आठ हं, मराठी ८ नाही, पहिल्या वर्षी एका नवीन मुलाला मी नुसतंच आठ सांगितलं आणि तो बिचारा बराच वेळ एकाच बाजूला ओढत बसला होता. डिस्क काळ्या आरशासारखी झाली की क्लोरोप्लॅटिनिक ॲसिडच्या पिवळट नारिंगी पाण्यात बुडवून पोटेन्शियल खालीवर फिरवायचं, दर सायकलला प्लॅटिनमचे नॅनोमीटरमधले कण बसत जातात आणि हळूहळू फिल्म होते. किती सायकली केल्या यावर फिल्म किती जाड, किती दाट. अशी फिल्म का, तर एक म्हणजे प्लॅटिनम परवडत नाही, आणि दुसरं म्हणजे असल्या बारीक कणांच्या फिल्मवर इन्फ्रारेडचा सिग्नल वाढून मिळतो. हे १९८० सालीच हार्टस्टीन आणि त्याच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी चांदी-सोन्याच्या पातळ फिल्मवर बघितलं होतं, पुढे जपानमध्ये साप्पोरोला ओसावांनी ते इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत इतकं मुरवलं की आता सिलिकॉनच्या प्रिझमवर सोन्याची फिल्म चढवून मागच्या बाजूने प्रकाश टाकणं ही नेहमीचीच गोष्ट झालीय. आमच्याकडे ते प्रिझम नाहीत. आमच्याकडे ग्लासी कार्बन आहे.

तर जुलैचा पहिला मंगळवार. ४० सायकलींची फिल्म. ०.१ मोलर परक्लोरिक ॲसिड, ०.१ व्होल्टला सीओ सोडला (फ्युम हूडमध्ये, अलार्म लावून, वास नसतो त्याला), मग आर्गॉनने पाण्यातला जादाचा सीओ हाकलला, इलेक्ट्रोड काचेला दाबला, स्पेक्ट्रम घेतला. मग १ व्होल्टवर नेऊन सीओ जाळला, पुन्हा स्पेक्ट्रम, वजाबाकी. आम्ही ज्या पद्धतीने मांडतो त्यात चिकटलेला सीओ खाली जाणारा पीक म्हणून यायला हवा. तो वर गेला. आणि नुसता वर नाही, साध्या प्लॅटिनमवर जेवढा दिसतो त्याच्या कितीतरी पट मोठा आणि पसरट, जणू मुद्दाम.

मी दादाला बोलावलं. दादा म्हणजे आमचा सिनियर, थिसिस लिहितोय गेलं दीड वर्ष. त्याने बसायच्या आधीच निकाल दिला, "सॅम्पल आणि रेफरन्स उलटे टाकलेस." मलाही तसंच वाटलं, हे सगळ्यांच्या हातून होतं, सॉफ्टवेअरमध्ये दोन फाइली अदलाबदल झाल्या की अख्खा ग्राफ डोक्यावर उभा राहतो. फाइली तपासल्या. बरोबर होत्या. दादा म्हणाला परत घे. परत घेतला, परत वर. मग पोलरायझर तपासला, आरसे परत जुळवले, डिटेक्टरवर प्रकाश जास्त पडून तो वेडावतोय का म्हणून ॲपर्चर लहान केलं, फिल्म फेकून नवीन केली. दोन एलएनटूचे दिवस गेले. ग्रुप मीटिंगला एका पाहुण्या सरांनी स्लाइड बघून हसत सांगितलं की बेटा आधी साइन कन्व्हेन्शन, म्हणजे कुठला पीक वर आणि कुठला खाली मांडायचा ते, शिकून घे. मी पण हसले. काय करणार. होस्टेलवर येऊन दीड तास झोपले आणि उठल्यावर तोच ग्राफ उघडला, कारण काहीतरी डोळ्याला टोचत होतं आणि ते काय ते सापडत नव्हतं.

ते होतं २३४३ला. बारीकसा पीक, मी तोपर्यंत त्याच्याकडे बघितलंच नव्हतं कारण तो सगळ्यांनाच येतो. सीओ जळाला की कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो त्या काही मायक्रॉनच्या थरात अडकून राहतो, म्हणजे तो दुसऱ्या स्पेक्ट्रममध्ये असतो, पहिल्यात नसतो, म्हणून वजाबाकीत तो सीओच्या उलट दिशेला, वर, यायला हवा. आणि तो वरच होता. आता बघा, फाइली जर उलट्या असत्या तर दोघंही उलटले असते, सीओ वर आणि सीओटू खाली. माझ्याकडे दोघंही वर. म्हणजे पाण्यात विरघळलेला नियमाने वागतोय आणि धातूला चिकटलेला तेवढा उलटा वागतोय, एकाच स्पेक्ट्रममध्ये, एकाच क्लिकमध्ये. साइन कन्व्हेन्शन गेलं खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी दादाला दाखवलं तर त्याने एक खुसपट काढलंच, म्हणाला ते तुझ्या श्वासाचं असेल, तू मशीनवर तोंड घालून बसतेस. हे खुसपट वाईट नव्हतं, हवेतला सीओटू पण तिथेच येतो, आणि पर्ज ढासळला की येतोच. पण वायूतला सीओटू २३४९च्या दोन्ही बाजूंना दोन खांदे घेऊन येतो, उंटाच्या दोन कुबडांसारखा, कारण वायूत रेणू गरगर फिरत असतो. पाण्यात फिरायला जागा नाही म्हणून तिथे एकच बारीक सुळका, २३४३ला. माझा सुळका एकच होता. दादा बराच वेळ झूम करून बघत राहिला आणि मग म्हणाला चहा माझ्याकडून. पीएचडीत यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला अजून मिळालेलं नाही.

मग साधा प्लॅटिनमचा तुकडा लावून तोच प्रयोग, तोच दिवस, तेच ॲसिड. सीओ खाली, सीओटू वर, पुस्तकात असतो तसा. फिल्म लावली, सीओ वर. म्हणजे गुन्हेगार फिल्म.

इथे कबूल करते की त्या रात्री मला नोबेलची स्वप्नं पडली. आणि त्याच रात्री पॉन्सही आठवला. हाच तो स्टॅन्ली पॉन्स, बेविकबरोबर हे तंत्र उभं करणारा, ज्याने २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत युटाला फ्लाइशमनबरोबर पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की टेबलावरच्या बरणीत पॅलेडियमच्या इलेक्ट्रोडवर अणूंचं फ्युजन झालं. जगभर लोकांनी करून बघितलं, जमलं नाही, आणि तो दावा कोसळला. फ्लाइशमन पण साधासुधा नव्हता, खरबरीत चांदीवर चिकटलेल्या रेणूंचा जोरदार रामन सिग्नल (रामन म्हणजे लेझर टाकून रेणू ओळखायची पद्धत) १९७४ साली पहिल्यांदा त्याच्याच ग्रुपला दिसला होता. म्हणजे दोघंही माझ्याच गल्लीतले, माझ्यापेक्षा हजारपट हुशार, आणि धातूच्या पृष्ठभागावर काहीतरी विचित्र दिसलं तेव्हा घाई केली. मी माझ्या गाइड सरांना मेल लिहून ठेवला होता तो पाठवला नाही, आधी शोधायला बसले.

आणि सापडलं, वीस मिनिटांत. चीनमध्ये शियामेन युनिव्हर्सिटीत शी-गांग सुन यांच्या ग्रुपने हे १९९०च्या दशकातच बघितलंय, ग्लासी कार्बनवर प्लॅटिनम-पॅलेडियमच्या नॅनो फिल्म, त्यावर सीओ, पीक उलटा, मोठा आणि पसरट, तिन्ही लक्षणं. नाव पण देऊन ठेवलंय, ॲबनॉर्मल इन्फ्रारेड इफेक्ट्स. त्यांच्याही ग्राफमध्ये सीओटू आपला सरळ. मला वाईट वाटलं की हायसं वाटलं हे अजून ठरलं नाही, बहुतेक दोन्ही. पाहुण्या सरांना पेपरची लिंक पाठवावी असं फार वाटलं. माझे गाइड सर म्हणाले, "अगं राहू दे."

असं का होतं, यावर पेपर खूप आहेत आणि सगळे एकमेकांशी सहमत नाहीत. मला जे पटतं ते सांगते. आमच्या लॅबच्या खिडकीवर पाऊस सुरू झाला की आधी सुटे थेंब बसतात. मग वाढतात, शेजारच्याला चिकटतात, लांबुळकी बेटं होतात, आणि मग एक क्षण असा येतो की या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याची वाट तयार होते आणि सगळं ओघळतं. फिल्मचं तसंच. सुटे कण असतात तोवर वीज इकडून तिकडे जाऊ शकत नाही, सगळे जोडले गेले की तो धातूचा पत्रा, आणि मधल्या त्या जेमतेम जोडलेल्या अवस्थेत फिल्म स्वतःच इन्फ्रारेड भरपूर आणि सगळीकडे खाते, सीओ असो नसो. म्हणजे सीओ बसतो तो आधीच खात बसलेल्या फिल्मवर. तो आपल्या फ्रीक्वेन्सीला थरथरतो, फिल्ममधले इलेक्ट्रॉन त्यांच्या लयीत, आणि दोघांचा मेळ कसा बसतो यावर सगळं ठरतं. मेळ बसला तर जास्त खाल्लं जातं, पीक सरळ आणि मोठा. बरोबर उलटा बसला तर सीओ फिल्मच्याच खाण्यात खोडा घालतो, त्या एका फ्रीक्वेन्सीला फिल्म कमी खाते, जास्त प्रकाश परत येतो, आणि आपल्याला वाटतं पीक डोक्यावर उभा राहिला. अर्धवट बसला तर अर्धा वर अर्धा खाली, एसच्या आकाराचा, ज्याला लोक १९६१च्या फानोच्या पेपरवरून फानो आकार म्हणतात. हिशेब करायला १९३५ सालचं ब्रुगमनचं मॉडेल अजून चालतं, कण आणि पाणी यांचा काला करून त्याला एकच माध्यम समजायचं, आणि त्यातही जोडणीच्या उंबरठ्याजवळ पीक वाकडे व्हायला लागतात.

हे वाचून झाल्यावर करायचं काय ते उघड होतं. ५ सायकली, १०, २०, ४०. उरलेला जुलै यातच गेला आणि तोपर्यंत बाहेर असा पाऊस की पर्जचा विषयच सोडा, १८५०चा पूल मी या सीझनपुरता सोडून दिलाय, तो दिवाळीनंतर. पण २०७०च्या भागात वाफ फारशी येत नाही, तिथे काम झालं. ५ सायकलींना सीओ सरळ, खाली, फक्त जरा जाडजूड. १०ला शेपटी वळायला लागली. २०ला स्वच्छ एस, आधी खाली मग वर. ४०ला पूर्ण उलटा. चार ग्राफ एकाखाली एक लावून मी प्रिंट काढली आणि मामांना दाखवली, म्हटलं या वेळी तरी चहाला जायच्या आधी नीट बघा. त्यांनी बघितली, बोट २०च्या एसवर ठेवलं आणि विचारलं, "ताई, मग यात सीओ नक्की कुठे म्हणायचा? वरच्या टोकाला का खालच्या?"

आणि इथे मी अडकलेय, खरंच. कारण हाच प्रश्न आहे. सरळ पीकचं टोक वाचायचं आणि म्हणायचं सीओ २०७०ला आहे, हे सोपं. एसमध्ये टोकं दोन, आणि खरी फ्रीक्वेन्सी त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी, कुठे ते मेळ कसा बसलाय त्यावर. मी खालचं टोक धरलं तर माझा सीओ साध्या प्लॅटिनमपेक्षा पंधरा वेव्हनंबरने हललेला दिसतो, वरचं धरलं तर उलटीकडे हलतो, आणि या दोन्हींवरून "नॅनोकणांवर सीओ वेगळ्या ताकदीने चिकटतो" असा रुबाबदार निष्कर्ष काढता येतो, जो कदाचित नुसत्या आकाराचा खेळ असेल. मागे जाऊन माझाच गेल्या वर्षीचा डेटा बघितला तर त्यात दोन पीक जरा तिरके आहेत. तेव्हा मी बेसलाइन ओढून सरळ केले होते. आणि क्षेत्रफळ मोजून किती टक्के पृष्ठभाग भरला ते लिहिलं होतं. एका पोस्टरवर. छापील.

तर आता एसला मधोमध फिट करणारा प्रोग्राम लिहितेय, त्यात फेजचं, म्हणजे मेळ कसा बसलाय ते ठरवणारं, एक बटण आहे आणि ते बटण स्वतःहून कुठेही पळतं, त्याला वेसण घालायला त्याच फिल्मचा रिकामा रिफ्लेक्टन्स, म्हणजे ती नुसती किती प्रकाश परत टाकते ते, मोजायला हवा, सीओ नसताना, आणि तो मी एकदाही नीट मोजून ठेवलेला नाही. एलएनटू परवा येतोय. गेल्या वर्षीच्या दोन फिल्म डबीत आहेत अजून, एकीवर ओरखडा आहे, दुसरी बरी दिसतेय.